अंगणाची डागडुजी

आमच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा एका मित्राने आम्हांस विचारले, "या व्याख्यानमालेत लोक राज्यक्रांत्या आणि तत्त्वज्ञाने घेऊन येतात आणि तुम्ही अंगण घेऊन काय येता?" मित्राचा प्रश्न रास्त होता. अंगणाला इतिहास असतो ही गोष्टच मुळी आपल्या ध्यानात येत नाही. राजवाडा पडला तर बखर होते. अंगणाला खळगा पडला तर घरातली बाई तो बुजवते आणि कामाला लागते. परंतु ज्या वर्गात आम्ही वाढलो आणि ज्याच्या संघटनेत आयुष्याची पस्तीस वर्षे घालवली, त्या वर्गाचा इतिहास बहुतांशी डागडुजीचाच आहे. तेव्हा त्या इतिहासातले एक लहानसे प्रकरण आपल्यापुढे मांडण्याची परवानगी असावी.

आम्ही जुन्नर तालुक्यातील आणे गावचे. कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता आळेफाटा सोडून घाट चढतो आणि जेथे सपाटीला लागतो, तेथे आमचे पठार. रंगदासस्वामींची यात्रा आणि तिच्यातला आमटी-भाकरीचा महाप्रसाद यांमुळे आण्याचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असेल. तालुक्याचा पश्चिम भाग पावसाने झोडपून निघतो, आणि त्याच पावसाची वाट पाहत आमचे पठार कोरडे बसते. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे जुन्नर-आंबेगावात झाली. कालवे मात्र पठाराच्या खालून गेले. मुरमाड जमीन, पातळ माती आणि हंड्याने मोजायचे पाणी, हे आमचे भांडवल. आमच्या अंगणाची हकीकत या भांडवलाशी बांधलेली आहे, म्हणून आधी ते सांगितले.

आता अंगण म्हणजे नेमके काय? घराच्या दारापुढची मोकळी जागा एवढे म्हटल्याने भागत नाही. कुणबी घरात अंगण ही एक कामाची जागा होती. तेथे धान्य वाळे, डाळ भरडली जाई, जनावर बांधले जाई, लग्नाचा मांडव पडे, आणि घरातले माणूस गेले म्हणजे त्याला शेवटचे तेथेच ठेवीत. सुगीच्या दिवसांत शेतात खळे करीत, तेही अंगणाचेच भावंड. मध्ये तिवडा रोवायचा, भोवती जमीन भिजवून बैलांच्या पायांनी तुडवायची, चोपायची आणि शेणाने सारवायची. कारण खळ्याला भेग राहिली तर तेवढे धान्य मातीत गेले. म्हणजे जमीन नीट राखणे हा हौसेचा नव्हे, पोटाचा प्रश्न होता.

ही विद्या किती जुनी आहे? आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात उगम पावणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून वाहते. तेथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. लोखंड नव्हते, तांबे आणि दगड यांवर काम भागत होते. पण घरांत चोपून केलेल्या मातीच्या जमिनी होत्या, चुली होत्या, धान्य साठवण्याची बळदे होती. तीन हजार वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठी कोणीतरी ओली माती चोपून सपाट करीत होते. तीच क्रिया आमची आजी आण्याला करीत असे, आणि आम्ही तिच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभे असू.

जुन्नरच्या लेण्यांत एक शिलालेख आहे. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद त्यात आहे. बांबूचे काम करणारे आणि काशाचे काम करणारे यांच्या श्रेणींचाही उल्लेख जुन्नरच्या लेखांत येतो. श्रेणी म्हणजे त्या काळची कारागिरांची आणि व्यापाऱ्यांची संघटना. आम्ही प्रथम हे वाचले तेव्हा आमचा ऊर भरून आला होता. संघटना ही परदेशातून आलेली वस्तू आहे असे आम्हांस नेहमी ऐकवले जाई, त्याला घरच्या डोंगरातच उत्तर सापडले. परंतु पुढे मनात आले की, दान देणाऱ्यांची नावे दगडावर राहिली. त्याच गावात रोज पहाटे अंगण सारवणाऱ्या बाईचे काम कोणत्या श्रेणीत मोडत होते? ते कोणत्याच श्रेणीत मोडत नव्हते. त्याला मजुरी नव्हती, म्हणून त्याला कामही म्हटले गेले नाही.

ते काम कसे चाले हे सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सारे विवेचन त्यावर उभे आहे.

पावसाळा सरला की अंगणाची दुर्दशा उघडी पडे. पागोळ्यांखाली चर पडलेले असत, वाटेवर खळगे झालेले असत, कोठे वरचे पोपडे सुटलेले असत. दसऱ्याच्या आधी दुरुस्ती निघे. आजी प्रथम खळग्याला हात लावीत नसे. ती पाणी कोठून आले ते पाही. उतार घराकडे झाला असेल तर आधी उतार फिरवायचा, नाही तर भरलेली माती पुढच्या मृगात पुन्हा वाहून जाणार. मग खळग्याच्या कडा खुरप्याने खरवडून खडबडीत करायच्या आणि आदल्या रात्री तेथे पाणी शिंपडून ठेवायचे. कोरड्या, गुळगुळीत कडेला नवी माती धरत नाही; चार दिवसांत ती भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटून येते. नंतर मुरूम, पण एकदम नव्हे, थराथराने. प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. वर चाळलेली पांढरी माती भुसा घालून मळलेली, आणि ती लाकडी चोपण्याने चोपायची. काळी माती वापरायची नाही, कारण ती वाळली की तडकते. अर्धवट सुकले म्हणजे शेणकाला, आणि हाताच्या पंजाने काढलेली अर्धचंद्राची वळणे. शेणातले गवताचे धागे मातीला धरून ठेवतात, आणि वरचा थर झिजला तर तो पुन्हा देता येतो.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की, दुरुस्ती झाल्यावर ठिगळ दिसत नसे. जुनी माती आणि नवी माती एक होऊन जाई. दुसरी ही की, या दुरुस्तीला पैसा लागत नव्हता, पण बाईचे मनगट, कंबर आणि डोक्यावरचा हंडा लागत होता. आमच्या पठारावर सारवणाचे पाणी म्हणजे पिण्याच्या पाण्यातून काढलेले पाणी. भांडी धुतलेले पाणी आजी सांडू देत नसे. ते अंगणासाठी राखलेले असे. जुन्या अंगणाचे गोडवे गाणाऱ्या आमच्या लेखक मंडळींना आमची नम्र विनंती आहे की, त्यांनी त्या गोडव्यात हा हंडा मोजावा. पठारावरच्या कोणत्याही बाईने सिमेंटचा कोबा आला तेव्हा शोक केला नाही. शहाबादी फरशी आली, कोबा आला, मग विटांसारखे पेव्हर ब्लॉक आले. प्रत्येक वेळी बाईच्या कमरेला थोडा विसावा मिळाला. हे मान्य केल्याखेरीज पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता अंगणात हिरवळ कोठून आली ते पाहू. कुणब्याच्या अंगणात गवत उगवले तर ते घर ओस पडल्याचे लक्षण. शेतातली हरळी तर आमचा पिढीजात शत्रू. तिची मुळी काढता काढता बाप म्हातारा होई. हीच हरळी गणपतीला दूर्वा म्हणून चालते आणि हीच साहेबाच्या बंगल्यापुढे लॉन म्हणून पोसली गेली. इंग्लंडच्या ओलसर हवेत आपोआप वाढणारे मऊ गवत हे तिकडे सरदारी थाटाचे चिन्ह झाले होते. ते कापायला प्रथम विळेवाले मजूर लागत. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आणि या यंत्राची कल्पना त्याला कापडाच्या गिरणीत सुचली होती. लोकरी कापडावरची लव सारखी कातरण्याचे जे फिरते पाते गिरणीत होते, तेच त्याने गवतावर चालवले. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते आण्याला परतले ते कायमचेच, आणि आमची शाळाही पुढे तेथेच थांबली. म्हणून असेल, पण गिरणीतून गवताचे यंत्र निघाले हे वाचताना आम्हांस परक्या देशाची हकीकत वाचतो आहोत असे वाटले नाही.

गिरणीचा संबंध येथेच संपत नाही. कृत्रिम हिरवळ हीसुद्धा विणकामाचीच लेक आहे. अमेरिकेत शहरातल्या मुलांना खेळायला गवताची मैदाने नाहीत, या काळजीतून १९६० च्या आसपास प्रयोग सुरू झाले. मोन्सँटो कंपनीच्या लोकांनी नायलॉनचे धागे गालिच्यासारखे ओवून एक चटई बनवली आणि १९६४ साली ती ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथील एका शाळेत अंथरली. पण तिचे नाव झाले ते टेक्सासमधील ह्यूस्टन येथे. १९६५ साली तेथे छप्पर असलेले प्रचंड क्रीडागार उघडले. आत खरे गवत लावले होते आणि त्यासाठी छप्पर पारदर्शक ठेवले होते. छपरातून येणाऱ्या तिरिपेने खेळाडूंचे डोळे दिपू लागले, चेंडू दिसेना. म्हणून छपराला रंग दिला. रंग दिल्यावर गवत मेले. १९६६ साली तेथे नायलॉनची चटई आली आणि ॲस्ट्रोडोम या नावावरून ती ॲस्ट्रोटर्फ म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली. कृत्रिम हिरवळीचा उदय असा एका फसलेल्या दुरुस्तीतून झाला, हे विसरू नये.

या चटईचा फटका आपल्या देशाला बसला तो हॉकीत. १९२८ पासून १९७२ पर्यंत प्रत्येक ऑलिंपिकमधून भारताच्या हॉकी संघाने पदक आणले होते. १९७६ साली माँट्रियल येथे ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आपला संघ सातव्या क्रमांकावर घसरला. केवळ मैदानामुळेच हे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मातीवर घडलेले कसब नव्या जमिनीवर नेताना माणसाला पुन्हा शिकावे लागते, आणि ते शिकण्याची सोय ज्याच्यापाशी आहे तो पुढे जातो, एवढे निश्चित. कामगारांच्या बाबतीतही नेमके हेच घडते.

मैदानातली चटई हळूहळू बंगल्याच्या अंगणात, गच्चीवर आणि सदनिकेच्या गॅलरीत आली. नायलॉनच्या जागी पॉलिथिलीनचे मऊ धागे आले, धाग्यांच्या मुळाशी बारीक वाळू घालण्याची रीत आली. पाणी घालायला नको, कापायला नको, म्हणून लोकांना ती सोयीची वाटली. २०१८ साली जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तेव्हा पाहुण्यांच्या सोयीसाठी अशी हिरवी अंगणे आमच्याही भागात येणार हे दिसू लागले. आमच्या पठारावरची पोरे पुण्याच्या बाजूला जाऊन हे बसवण्याचे काम शिकली. त्यांना हे काम कोणी शाळेत शिकवले नाही. एकाचे पाहून दुसरा शिकला. आणि येथूनच आमचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आला.

काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात आमच्याकडे दोन तरुण आले. एका बंगल्याच्या अंगणात त्यांनी हिरवळ बसवली होती. दोन महिन्यांत तिच्यावर हातभर लांबीचा, वितळल्यासारखा वाकडा पट्टा उमटला. मालकाने ठेकेदाराला बोलावले. ठेकेदाराने पोरांवर ठपका ठेवला की, यांनी विडी टाकली किंवा गरम हत्यार ठेवले. आणि दोघांची बारा-बारा दिवसांची मजुरी अडकवून ठेवली. पोरे विडीला शिवतही नव्हती. पण "आम्ही केले नाही" एवढेच त्यांच्यापाशी उत्तर होते, आणि आमचा अनुभव असा की, एवढे उत्तर कोठेही पुरत नाही.

आम्ही तेथे गेलो. सकाळी काही दिसले नाही. आजीची आठवण ठेवून आम्ही खळग्याकडे न पाहता पाणी कोठून येते ते शोधत बसलो. येथे पाणी नव्हते, ऊन होते. दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या नव्या बंगल्याच्या खिडकीवरून उन्हाचा एक झगझगीत पट्टा अंगणात उतरला आणि सरकू लागला. खिडकी दुहेरी काचेची होती. अशा काचांमधल्या बंद हवेचा दाब कमी झाला की काच किंचित आत ओढली जाते आणि अंतर्गोल आरशाप्रमाणे ऊन एकवटते. पॉलिथिलीनला एवढी उष्णता सोसत नाही. आम्ही विटेच्या तुकड्याने दर दहा मिनिटांनी झोताची कड आखत गेलो. तासाभराने आखणी आणि जळका पट्टा एकमेकांवर तंतोतंत बसले. बंगल्याचे मालक समंजस गृहस्थ होते. त्यांनी त्या झोतात आपला हात धरला, लगेच मागे घेतला आणि ठेकेदाराकडे वळून म्हणाले, "या पोरांचे पैसे आजच्या आज द्या."

मजुरी मिळाली. पण गोष्ट पुरी सांगितली पाहिजे. त्याच अंगणात एका कोपऱ्यात चटई दबली होती आणि एक सांधा उसवला होता. ते मात्र पोरांच्या हातचे होते. ठेकेदाराने खडी कमी दिली आणि यांनी ती न कुरकुरता, न चोपता पसरली. आम्ही त्यांना तेथेच सांगितले की, अन्यायाविरुद्ध भांडायचे तर आपले काम आधी चोख पाहिजे. मग तिघांनी मिळून ती दुरुस्ती केली, आणि ती करताना आम्हांस मोठे नवल वाटले. पद्धत आजीचीच होती.

चटईच्या दुरुस्तीचा क्रम असा. प्रथम वाळू झाडून बाजूला काढायची. जळका भाग चौकोनी आखून, चटई उलटून, मागच्या बाजूने टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून कापायचा. वरून कापले की आजूबाजूचे धागे सुटतात. खालची जमीन दबली असेल तर खडी घालून, थराथराने पाणी मारून धुम्मस करायची आणि उतार तपासायचा. त्याच गुंडाळीतला तुकडा, धाग्यांचा कल त्याच दिशेला ठेवून, सांध्याखाली पट्टी घालून चिकटवायचा. कल उलटा झाला तर तुकडा उन्हात वेगळ्याच रंगाचा दिसतो. वर वजन ठेवायचे, गोंद वाळेपर्यंत पाणी लागू द्यायचे नाही, आणि शेवटी वाळू पसरून धागे झाडूने उभे करायचे. या दुरुस्तीच्या जोडीला त्या खिडकीवर बाहेरून पडदाही लावावा लागला, नाही तर नवा तुकडाही पुढच्या दुपारी वितळला असता. मूळ शोधा, पाया भरा, कडा धरा, उतार राखा. शेण गेले आणि गोंद आला. नियम बदलला नाही.

फरक आहे तो दोन ठिकाणी. मातीचे ठिगळ मातीत मिसळते. चटईचे मिसळत नाही, कारण जुनी चटई उन्हाने विटलेली असते आणि नवी नसते. म्हणून शहाणा कारागीर मालकाला सांगतो की, उरलेला तुकडा फेकू नका, घराबाहेरच उन्हात ठेवा. म्हणजे तोही सोबतच विटेल. दुसरा फरक अधिक गंभीर आहे. आजीचे अंगण मोडले तर त्याची माती होत असे. ही चटई काही वर्षांनी मोडते, तेव्हा तिचे करायचे काय? तिचे धागे झिजून मातीत आणि नाल्यात जातात. खेळाच्या मैदानांत धाग्यांच्या मुळाशी रबराचे कण घालतात. २०२३ साली युरोपीय संघाने अशा कणांच्या विक्रीवर बंदीचा निर्णय घेतला आणि त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली. घरच्या अंगणात बहुधा वाळूच असते, पण चटई चटईच आहे. आज ती उचलून गावाबाहेरच्या कचऱ्यात जाते, आणि तो कचरा वेचायला पुन्हा आमचीच माणसे असतात.

मजुरी कापण्याच्या बाबतीतही एक इतिहास आहे. १९३६ सालच्या वेतन अदायगी कायद्याने असे ठरवले होते की, मालाचे नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झाले असेल आणि तो माल त्याच्या ताब्यात दिलेला असेल तरच कपात करता येईल, आणि तत्पूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व आले आहे. गिरणीच्या फाटकात युनियनने हा नियम पाळायला लावला. अंगणात काम करणारे दोघे-तिघे मजूर मात्र विखुरलेले. त्यांना फाटक नाही, हजेरीपट नाही, आणि पुष्कळदा ठेकेदाराचे पुरे नावही ठाऊक नाही. आजीच्या कामाला मजुरी नव्हती. नातवाच्या कामाला मजुरी आहे, पण ती राखण्याची सोय नाही. तीन हजार वर्षांत अंगणाने एवढी मजल मारली आहे.

मंडळी, आम्ही आपणांस शेणाकडे परत चला असे सांगायला आलो नाही. ज्याच्या दारात नळ आहे त्याने पठारावरच्या बाईला सारवण शिकवू नये. आमचे मागणे लहान आहे. अंगण करताना निदान एक कोपरा मातीचा ठेवा, पावसाचे पाणी मुरायला जागा राहील. चटई घालणार असाल तर खालच्या खडीचा हिशोब मागा, उरलेला तुकडा जपा, आणि मोडल्यावर ती परत नेण्याची अट करारात लिहून घ्या. आणि कोठे बिघाड दिसला तर कोणाचा दोष हे ठरवण्याआधी, ज्याने ती जमीन गुडघ्यावर बसून घातली त्या माणसाला बोलवा आणि त्याच्यासोबत अंगणात एक दुपार उभे राहा.

आण्याचे आमचे घर आता बंद असते. भाऊबंद यात्रेला जमतात तेव्हा दार उघडते. मागच्या खेपेस ते दोघे तरुण आमच्यासोबत आले होते. अंगणात पागोळ्यांखाली चर पडला होता. त्यांतला एकजण काही न बोलता खाली बसला, खुरप्याने कडा खरवडू लागला, आणि दुसऱ्याने विचारले, "काका, पांढरी माती कुठं मिळंल?" आम्ही त्याला जागा दाखवली.